जीन, तंग आणि झूल : घोड्याला लागणारे घास

निपाणीपासून अथणीपर्यंत आणि खानापूरच्या जंगलकडेपासून रायबागच्या माळापर्यंत आपल्या बेळगाव जिल्ह्यात घोडी बाळगणारी घरे आजही बरीच आहेत. कोणाकडे वरातीची घोडी असते, कोणाकडे शर्यतीचा घोडा, कोणी हौसेने एखादे मारवाडी किंवा काठेवाडी जनावर दारात बांधलेले असते, आणि पावसाळा सरला की मेंढ्यांच्या कळपामागून बिऱ्हाड वाहणारी तट्टे रस्त्यारस्त्यावर दिसू लागतात. या सगळ्या जनावरांच्या अंगावर काही खुणा हटकून सापडतात : खोगिराखाली पांढऱ्या केसांचा ठिपका, कोपरामागे केस झडून गुळगुळीत झालेली चकती, नाकाडावर मोहरकीची, म्हणजे तोंडाला बांधायच्या दोरीची, आडवी रेघ, खांद्यावर झुलीने झिजवलेली टकली जागा. मालकाला विचारले तर "ते जुनंच आहे" असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. माझ्या मते विषय तिथे सुरू व्हायला हवा. घास, म्हणजे सामान घासून झालेली जखम, बरा करायचा असेल तर औषध घोड्याला आणि दुरुस्ती सामानाला, अशी दोन्ही कामे एकाच दिवशी हाती घ्यावी लागतात. पहिले करून दुसरे टाळले की तीच जागा पुन्हा सोलते आणि मालक मलमाला नावे ठेवतो.

बैलाचा खांदा आला म्हणजे काय झाले, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. जुवाखाली कातडी दबते, सुजते, पाणी धरते आणि वेळीच जू उतरवले नाही तर फुटते. घोड्याच्या पाठीवर आणि तंगाखाली, म्हणजे जीन पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याखाली, घडते ते बहुतांशी हेच असते. सतत दाब पडलेल्या जागी रक्त पोहोचत नाही आणि कातडी आतून मरू लागते. हलत्या पट्ट्याने केस तुटतात आणि वरचा पापुद्रा निघतो. घामाने कातडी भिजून मऊ झालेली असली की हे दोन्ही लवकर घडते, आणि घामातले मीठ व अंगावरची धूळ कानसीचे काम करतात. केसांना रंग देणाऱ्या पेशी दाबाने मेल्या की तिथे पुढे पांढरेच केस उगवतात आणि ते सहसा कायम राहतात. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या पाठीवरचे असे ठिपके पाहून त्याच्या अंगावर कोणते खोगीर किती वाईट बसत होते, हे जाणकार माणूस सांगू शकतो. घोडा विकत घेताना दातांबरोबर हेही पाहावे.

केस झडण्याच्या आधी दोन पायऱ्या येऊन जातात आणि त्या डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतात. पहिल्या पायरीवर केस उलटे-सुलटे, तुटके आणि खरखरीत लागतात. दुसऱ्या पायरीवर ती जागा आजूबाजूच्या अंगापेक्षा गरम असते, तळवा फिरवताना घोडा कातडी थरथरवतो किंवा पाठ खाली दाबून घेतो, आणि कधी कधी बोटांना लिंबाएवढी मऊ सूज लागते. या टप्प्यावर सामान बदलले तर औषधाची गरज बहुधा पडत नाही. म्हणून खरारा करणे वेगळे आणि अंग तपासणे वेगळे, असे मी मानतो. खरारा घाईत उरकता येतो. तपासणीला हातात काहीही न धरता दोन्ही तळव्यांनी मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, छातीखालून पोटापर्यंत आणि कानांमागून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत सावकाश जावे लागते. सामान चढवण्याआधी एकदा आणि उतरवल्यावर एकदा, असा नियम ठेवला की काय बदलले ते नेमके कळते.

जीन उतरवल्याबरोबर पाठीकडे पाहणे ही आणखी एक फुकटची तपासणी आहे. घोडा चांगला घामाघूम झालेला असताना खोगिराखालची जागा दोन्ही बाजूंना सारखी ओली असावी. त्या ओलीत मध्येच हाताच्या पंजाएवढा कोरडा तुकडा राहिला असेल तर तिथे घाम आलाच नाही, कारण दाबामुळे घामाच्या ग्रंथींना काम करता आले नाही. ती जागा पुढे लागणार असे समजून खोगीर तपासायला घ्यावे. मणक्याच्या रेषेवरची कोरडी पट्टी मात्र चांगली असते, कारण तिथे खोगीर टेकायलाच नको आणि वारा खेळायला हवा.

आपल्या जिल्ह्याची एक अडचण अशी की एकच सामान दोन टोकांना दोन तऱ्हेने वागते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे काही वाळत नाही. तिकडे चामड्याला बुरशी धरते, जिनाखाली घालायचा लोकरीचा नमदा ओलाच पाठीवर चढतो आणि कातडी मऊ पडून पापुद्रे निघतात. अथणी-रायबागकडे कोरडी हवा, उन्हाळ्यात उडणारी बारीक धूळ आणि कडक ऊन असते. तिकडे घामाने भिजलेला तंग रात्रीत वाळून पत्र्यासारखा ताठ होतो आणि सकाळी तोच तसाच आवळला जातो. पश्चिमेकडच्या माणसाने दोन नमदे ठेवून आलटून पालटून वापरणे आणि सामान चुलीच्या खोलीत, पण आगीपासून दूर, टांगणे महत्त्वाचे. पूर्वेकडच्याने चामडे तेलात ठेवणे आणि रोज धूळ झाडणे महत्त्वाचे. भिजलेले चामडे कुठेही उन्हात वाळवू नये. सावलीत वाळू द्यावे आणि थोडी ओल शिल्लक असतानाच तेल चोळावे, म्हणजे ते भेगाळत नाही.

खोगिराबद्दल लोक मापाच्या गोष्टी करतात, पण घोड्याचे माप वर्षभर एक राहत नाही हे विसरतात. पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्यावर आणि पुढे उसाच्या वाड्यांवर घोडे अंगाने भरते. चैत्र-वैशाखात तेच जनावर पाठीच्या दोन्ही बाजूंनी उतरते आणि मणका वर येतो. दिवाळीत नीट बसणारे जीन अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खाली बसून खांद्यावरच्या उंचवट्याला टेकू लागते. स्वार वर बसल्यानंतर त्या उंचवट्याच्या आणि जिनाच्या कमानीच्या मध्ये दोन-तीन बोटे सहज गेली पाहिजेत. रिकाम्या जिनाखाली बोटे घालून पाहण्याला अर्थ नाही. जीन फार पुढे चढवण्याची खोडही आपल्याकडे सार्वत्रिक आहे. घोडा पुढचा पाय टाकतो तेव्हा खांद्याचे पाते मागे सरकते आणि पुढे चढवलेल्या जिनाच्या कडेवर दर पावलाला आपटते. जीन आधी थोडे पुढे ठेवून मग केसांच्या दिशेने मागे सरकवावे, म्हणजे ते पात्याच्या मागे आपल्या जागी बसते आणि खालचे केसही सपाट राहतात. नंतर मागे गेले म्हणून उलट पुढे ढकलू नये. उचलावे आणि पुन्हा ठेवावे.

जिनाखाली काय घालावे, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. जुनी मंडळी घोंगडीची घडी घालतात, नवी मंडळी स्पंजाच्या रंगीत गाद्या आणतात. लोकरीचा जाड नमदा या दोहोंपेक्षा चांगला, असे माझे मत आहे, कारण लोकर घाम शोषते आणि दाब पसरवते. घोंगडीही लोकरीचीच, पण घडीची कड, काठाची शिवण किंवा एखादी सुरकुती जिनाखाली आली की तेवढ्या ओळीत पाठ लागते. घोंगडी वापरायचीच असेल तर ती जिनापेक्षा चारी बाजूंनी मोठी घ्यावी, घडी टाके घालून पक्की करावी आणि कडा जिनाच्या बाहेर राहतील असे पाहावे. स्वस्त स्पंज दोन-तीन महिन्यांत दबून कागदासारखा होतो आणि त्याचे नायलॉनचे अस्तर घाम धरून पाठीवर सरकते. काहीही घातले तरी ते कमानीत वर उचलून घ्यावे, उंचवट्यावर ताणून बसवू नये. आणि दोन-तीन जाड थर घालून वाईट जीन चांगले होत नाही. तंग होणाऱ्या जोड्यात जाड मोजे घातल्यासारखे ते आणखी आवळते.

तंगाच्या जखमा सगळ्यांत जास्त आढळतात आणि त्या टाळणे सगळ्यांत सोपे असते. एखादा वापरातला तंग हातात घेऊन उजेडात पाहावा. बाहेरून तो तेल लावून चकचकीत केलेला असतो. आतल्या बाजूला, घोड्याच्या छातीखाली येणाऱ्या भागावर, घामाच्या मिठाची पांढरी रेघ असते, तिच्यात केस आणि धूळ चिकटून काळसर खपली तयार झालेली असते, शिवणीचा दोरा वाळून तारेसारखा टोचतो, आणि बक्कल जिथे येते तिथली चामड्याची जीभ झिजून धातू उघडा पडलेला असतो. कोपरामागे कातडी पातळ असते आणि पाय हलताना तिथे घड्या पडतात. त्या घडीत हा सगळा ऐवज दिवसभर फिरतो. तंग वापरून झाल्याबरोबर आतून ओल्या फडक्याने पुसावा. सुती किंवा लोकरी तंग असेल तर साध्या साबणाने धुवावा आणि पाणी पूर्ण निवळ येईपर्यंत खळबळावा, कारण राहिलेला साबण दुसऱ्या दिवशी घामात विरघळून कातडी भाजतो.

तंग आवळताना एकदम आवळू नये. आधी हलका लावावा, घोड्याला दोन-चार पावले चालवावे, मग पुन्हा एकेक भोक वर घ्यावे. आवळून झाल्यावर पुढचे पाय एकेक करून गुडघ्याखाली धरून पुढे ओढावेत. त्यामुळे तंगाखाली सापडलेली घडी सुटते. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे आणि ते करताना मी आपल्या भागात फार थोड्यांना पाहिले आहे. तंग आणि कोपर यांच्यात हाताच्या चार बोटांएवढे अंतर असावे, आणि तंगाखाली सपाट बोटे जोर न लावता जावीत. सैल तंगानेही जखम होते, हेही लक्षात ठेवावे, कारण सैल तंग पुढेमागे हलतो. दूरच्या मजलीनंतर जीन लगेच ओढून काढू नये, तंग सैल करून ते काही मिनिटे तसेच राहू द्यावे, अशी घोडदळातली जुनी रीत आहे. दबलेल्या कातडीत रक्त हळूहळू परत येते आणि फोड उठत नाहीत.

चामड्याच्या दुरुस्तीसाठी आपण नशीबवान आहोत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत आणि बेळगाव त्यांपैकी एक. अथणी आणि निपाणी परिसरातले कारागीर बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला हाताने शिवण घालतात. अशा कारागिराकडे तंग नेला तर टाके आत बुडवून घालणे, कडा तासून गोल करणे आणि बक्कलाखाली रुंद जीभ बसवणे ही कामे तो चपलेच्याच सफाईने करतो. मात्र त्याला घोड्याचे अंग कुठे हलते ते समजावून सांगावे लागते. जमल्यास घोडाच त्याच्या दारात उभा करावा.

मोहरकी आणि लगाम यांबद्दल थोडक्यात सांगतो. नायलॉनची दोरी स्वस्त आणि टिकाऊ म्हणून सगळीकडे पसरली आहे, पण नाकाडाच्या हाडावर आणि कानांमागे ती करवतीसारखी चालते, विशेषतः ती रात्रंदिवस अंगावर असली तर. मोहरकी रुंद सुती पट्ट्याची असावी, गाठी हाडावर येऊ नयेत, आणि बंदिस्त जागेत असताना ती शक्यतो काढून ठेवावी. शिंगरांच्या बाबतीत तर दर आठवड्याला माप पाहावे, कारण डोके वाढते आणि दोरी तेवढीच राहते. कातडीत रुतलेली मोहरकी कापून काढण्याची वेळ आलेली मी पाहिली आहे. लगामाच्या कड्या झिजून धारदार झाल्या की ओठांचे कोपरे फाटतात. बोटाने कडी चाचपून पाहावी. आपल्या बोटाला खरबरीत लागते ते त्याच्या ओठाला लागतेच.

टांग्याच्या घोड्याचा छातीपट्टा खांद्याच्या पुढच्या हाडाच्या वर आणि श्वासनलिकेच्या खाली बसावा. वर गेला तर घोडा घुसमटतो, खाली आला तर दर पावलाला हाड घासते. घोडा आणि बैल एकत्र जुंपून शर्यती लावण्याचा प्रकार आपल्याकडे चालतो, त्याविषयी मला स्पष्ट सांगायचे आहे. जू हे वशिंड असलेल्या जनावरासाठी घडलेले साधन आहे. घोड्याला वशिंड नसते. त्याच्या मानेवर जू टेकते ते कातडी आणि हाड यांच्या मध्ये फारसे काही नसलेल्या जागी, आणि तिथली जखम कोणत्याही गादीने थांबत नाही.

आता झूल. दरवर्षी ज्येष्ठात चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांच्या वाड्यातून माऊलींचे अश्व आळंदीकडे निघतात आणि सुमारे तीनशे किलोमीटरची वाट पायी चालतात. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कोणी बसत नाही. वारकऱ्यांच्या श्रद्धेचा हा विषय असल्यामुळे आपल्या भागात घोडा सजवण्याची हौस मोठी आहे, आणि जत्रेत, वरातीत, शिवजयंतीच्या मिरवणुकीत जरीच्या, आरसे लावलेल्या, घुंगरांच्या झुली सर्रास दिसतात. अशी झूल वरून पाहायची नसते, उलटी करून पाहायची असते. जरीच्या तारांची टोके, आरशांच्या मागची शिवण, घुंगरांच्या कड्यांची डोकी हे सगळे आतून बाहेर आलेले असते. मऊ सुती अस्तर पूर्ण लावलेले नसेल तर ती झूल घोड्याच्या अंगावर घालू नये. आणि मिरवणूक संपली की गुलाल, भंडारा झटकून ती लगेच उतरवावी; घामात भिजलेला गुलाल आणि वरून झूल, यांनी एका रात्रीत खांद्यावर पुरळ उठते.

थंडीसाठी म्हणून घातलेली झूल हा वेगळा मुद्दा आहे, आणि त्याबद्दलचे माझे मत पुष्कळांना रुचत नाही. बेळगावच्या पौष-माघातल्या पहाटे आपल्याला हुडहुडी भरते, पण निरोगी, पोटभर खाल्लेल्या आणि वाऱ्यापावसापासून आडोसा असलेल्या घोड्याला ५ अंशांपासून २५ अंशांपर्यंतची हवा साधारणपणे सुखाची असते. आपल्याकडचा पारा इतका खाली क्वचितच जातो. घोडा केस फुलवून आपली ऊब आपण धरतो आणि झूल ते केस दाबून टाकते. म्हातारे, आजारी, हाडांवर आलेले किंवा केस कातरलेले जनावर असेल, किंवा घामाघूम घोडा वाऱ्यात उभा करावा लागणार असेल, तर झूल अवश्य घालावी. एरवी तोच पैसा वैरणीवर घालावा. चघळायला कडबा असलेला घोडा आतून ऊब निर्माण करतो. आपल्या भागातले झुलीचे बहुतेक घास हे मुळात नको असलेल्या झुलीचे घास आहेत.

जिथे झूल खरेच हवी आहे तिथे ती मापाची असावी. छातीच्या मध्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत बाजूने दोरी धरून माप घ्यावे. मोठी झूल मागे सरकते, तिचा सगळा भार खांद्यांच्या पुढच्या टोकांवर आणि अयाळीच्या मुळाशी येतो आणि तिथले केस सर्वप्रथम जातात. लहान झूल छातीवर ताणली जाते आणि घोडा चरायला मान खाली घालतो तेव्हा उंचवटा कापते. घोड्याला खाली ठेवलेला चारा खायला लावून झूल कशी ताणते ते पाहावे, उभ्या घोड्यावर पाहून समाधान मानू नये. खांद्यांवर चुण्या घालून सैल जागा केली आणि आतून साटीनचा गुळगुळीत तुकडा शिवला तर बराच फरक पडतो. जुन्या साडीचे अस्तरही चालते. झूल रोज एकदा पूर्ण काढून अंग तपासावे. भिजलेली झूल अंगावर वाळू देऊ नये.

मेंढपाळांच्या तट्टांचा प्रश्न वजनाच्या तोलाचा असतो. यमकनमर्डीजवळ रस्त्याकडेला थांबलेल्या मेंढपाळांच्या एका तळावर एका तट्टाची उजवी बरगडी सोलली होती. मी म्हातारबाबांना विचारले, "मामा, ओझं एकीकडं जास्त झालं का?" ते म्हणाले, "वझं सारखंच हुतं दादा. डावीकडच्या झोळीतली कोकरं खाली सोडली, मग गाठोडं उजवीकडं वढलं." एवढेसे कारण पुरते. वाटेत एका बाजूचे काही उतरवले की दुसऱ्या बाजूचेही उतरवून तोल पुन्हा साधावा, दोऱ्या थेट बरगडीवरून न घेता खाली लोकरीची जाड गादी घालावी, आणि भांड्यांच्या कडा कधीही अंगाकडे करू नयेत. ओझ्याच्या जनावरांविषयी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोची मर्यादा घातली आहे आणि खिळे, गाठी किंवा टोके असलेला साज वापरण्यास मनाई आहे. त्याआधीच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जखम असलेल्या, कामास अयोग्य झालेल्या जनावराला कामाला लावणे हा गुन्हा ठरतो. मेंढपाळ बहुधा जनावराला जपतात. हे नियम शर्यतीवाल्यांनी आणि वरातवाल्यांनी जास्त वाचण्यासारखे आहेत.

जखम झालीच तर पहिला उपचार म्हणजे त्या जागेवरचे सामान बंद करणे. दोन दिवसांची विश्रांती आणि मग जखमेवर फडके ठेवून पुन्हा तंग, हा उपचार नव्हे. जिनाची जखम असेल तर घोडा हातात धरून चालवता येतो, मोकळा सोडता येतो. वरातीची सुपारी घेतलेली असली तरी दुसरी घोडी पाहावी.

नुसती गरम सूज असून कातडी अखंड असेल तर दिवसातून दोन-तीनदा १५ ते २० मिनिटे गार पाण्याची बारीक धार धरावी. सूज फोडू नये, सुई खुपसून पाणी काढू नये. कातडी सोलली असेल तर कडेचे केस कात्रीने बेताने कापावेत आणि जखम मिठाच्या पाण्याने धुवावी : एक लिटर पाणी उकळून गार करावे आणि त्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा मीठ घालावे. घाण फार असेल तर बाजारात मिळणारे पोव्हिडोन आयोडीनचे १० टक्क्यांचे द्रावण एक लिटर पाण्यात १० मिलिलिटर घालून वापरावे. पाण्याचा रंग फिक्या कोऱ्या चहाइतका व्हावा, त्याहून गडद नको. बाटलीतले औषध जसेच्या तसे ओतले की नव्याने येणारी कातडी जळते. स्पिरिट आणि फेस येणारे हायड्रोजन पेरॉक्साइड यांचेही तेच. धुतल्यावर स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्यावे, चोळू नये, आणि झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावावे. जखम ओलसर व मोठी असेल तर सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम पशुवैद्य देतात. खपली कोरडी, घट्ट झाली की ती ओढून काढू नये. थोडे व्हॅसलिन लावून तिला आपोआप सुटू द्यावे.

गाडीचे जळके ऑइल, चुन्याची निवळी, शेण, राख, कोळशाची पूड यांपैकी काहीही लावू नये. जळक्या ऑइलवर आपल्याकडे अजून फार श्रद्धा आहे, कारण त्यावर माशा बसत नाहीत. पण त्यातली विषारी द्रव्ये आणि धातूंचे कण कातडीतून आत जातात. शेण आणि घोड्याची लीद यांत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला सगळ्यांत जास्त बळी पडतो. घासाची उथळ जखम झाली तरी लस कधी टोचली ते आठवावे. पहिल्या वेळी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि पुढे वर्षाला एक, असा साधारण क्रम आहे. लस झालेलीच नसेल तर जखम घेऊन थेट डॉक्टरांकडे जावे आणि प्रतिविषाबद्दल विचारावे.

माशांसाठी कडुनिंबाचे तेल खोबरेल तेलात मिसळून जखमेच्या भोवतीच्या चांगल्या कातडीवर लावावे, जखमेत घालू नये. पावसाळ्यात ही काळजी जास्त घ्यावी लागते. घोड्याच्या पोटात राहणाऱ्या एका जातीच्या जंताच्या अळ्या माशांच्या मार्फत जखमेवर येतात. मग जखम भरतच नाही, मांस वर येत राहते आणि त्यात पिवळट, कडक, तांदळाच्या कणीसारखे दाणे सापडतात. अशा जखमेवर मलमे बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवून जंतांचे औषध पोटात द्यावे.

खांद्यावरच्या उंचवट्याची खोल सूज ही घरगुती उपचाराची बाब नाही. तिथे हाडावर पाण्याची पिशवी असते, ती बिघडली की पू खोलवर उतरतो आणि भोके पडून महिनोन्महिने वाहतो. या विकारात कधी कधी ब्रुसेला हा जंतू सापडतो, जो माणसालाही ताप आणतो. त्यामुळे असा पू उघड्या हाताने पिळणे मालकाच्याही जिवावर येऊ शकते.

प्रत्येक टकला तुकडा घासाचा नसतो. सामान जिथे टेकत नाही अशा जागीही गोल, कोंडा सुटणारे डाग आले तर तो नायटा असण्याची शक्यता असते. तो एकाच खराऱ्याने आणि एकाच झुलीने साऱ्या तबेल्यात पसरतो आणि माणसालाही लागतो; प्रत्येक जनावराचे सामान वेगळे करणे आणि सगळे धुऊन काढणे हा त्याचा अर्धा उपचार आहे. पाऊस लागल्यावर पाठीवर आणि पुठ्ठ्यावर खपल्या येतात, आणि खपली उचलली की खाली केसांचा झुबका रंगाच्या कुंचल्यासारखा चिकटून येतो, तेव्हा तो ओलाव्याचा जंतुविकार असतो. तिथे मलमाआधी कोरडे छप्पर लागते आणि त्यावर झूल घालणे तर नकोच. पायावर किंवा मानेवर ओळीने गाठी येऊन फुटत असतील, चिकट पू वाहत असेल, नाकातून घट्ट स्राव येत असेल, तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसाला प्राणघातक ठरू शकतो आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याखाली त्याची माहिती सरकारी यंत्रणेला देणे बंधनकारक आहे. नमुने तपासणीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातात. असे जनावर जत्रेला नेऊ नये, दुसऱ्याच्या हौदावर पाणी पाजू नये.

घोडा कामाला परत कधी लावावा, हा प्रश्न शेवटी उरतो. खपली पडली म्हणजे जखम बरी झाली, असे नव्हे; खालची गुलाबी कातडी पातळ असते आणि पहिल्याच आवळणीला फाटते. तिच्यावर केसांची लव येईपर्यंत आणि अंगठ्याने दाबल्यावर घोडा अंग चोरेनासा होईपर्यंत थांबावे. पहिल्या दिवशी सामान थोडाच वेळ चढवावे, उतरवून लगेच हात फिरवावा, आणि गरम लागले तर आणखी आठवडाभर थांबावे. तंगावर काही दिवस मेंढीच्या कातड्याची लोकरीसकट शिवलेली नळी चढवता येते, पण तीही धुवावी लागते. जिनाखालच्या जाड नमद्यात जखमेच्या जागी भोक पाडण्याची युक्ती लोक करतात. ती करायचीच असेल तर भोक जखमेपेक्षा बरेच मोठे ठेवावे आणि कडा उतरत्या तासाव्यात, नाहीतर भोकाच्या कडेने जखमेभोवती नवे कडे तयार होते. आणि एवढे करूनही तीच जागा पुन्हा लागली, तर औषधाच्या दुकानात न जाता जीन उलटे करून कारागिराकडे न्यावे आणि घोडाही बरोबर घ्यावा.